मधला मुक्काम

एखादी वस्तू मोडून, तिचे भाग बांधून, दुसऱ्या ठिकाणी नेऊन तेथे ते पूर्वीच्याच क्रमाने जोडले, तर जी निघाली तीच पोचली असे म्हणावे काय, हा प्रश्न आपल्याकडील तर्कग्रंथांत आणि युरोपीय तत्त्वज्ञांच्या लेखनात सारखाच जुना आहे. परंतु रथ, घट, पट आणि जहाज या ठरावीक दृष्टांतांवर तो इतक्या वेळा तासला गेला आहे की त्यातील वेदना पार निघून गेली आहे आणि केवळ बुद्धीचा व्यायाम तेवढा उरला आहे. ज्या सुताराने तो रथ घडविला, ज्या कोष्ट्याने तो पट विणला, त्याला या चर्चेत कोठेच स्थान नाही. आणि ज्याने वस्तू घडविली त्यालाच ती मोडावी लागते तेव्हा प्रश्नाचे स्वरूप किती पालटते, याचा विचार त्या दृष्टांतांच्या आवाक्यात येत नाही. म्हणून तोच प्रश्न मी येथे एका निराळ्या वस्तूच्या आधाराने मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे वेचून एखाद्या गृहस्थाने आपल्या तळघरात किंवा माळ्यावर उभारलेली लघुरेल्वे, आणि तो प्रसंग म्हणजे घर बदलण्याची वेळ आल्यामुळे तिचे करावे लागणारे विघटन.

लघुरेल्वे म्हटले की दिवाळीत मुलांना मिळणारी, चावीने गोल फिरणारी गाडी आपल्या डोळ्यांपुढे येते. तिच्याशी या वस्तूचे नाते फार दूरचे आहे. अमेरिकेत व युरोपात सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रमाणात खऱ्या सृष्टीचा सत्याऐंशीवा अंश घेतात. त्या प्रमाणात पुरुषभर उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर भरते आणि एका किलोमीटरच्या मार्गाला साडेअकरा मीटर जागा पुरते. इंग्लंडात शहात्तराव्या अंशाचे प्रमाण रूढ आहे. अशा प्रमाणात डोंगर, बोगदे, पूल, फलाट, गिरण्या, गावे, गावांतील दुकानांच्या पाट्या आणि पाट्यांखाली उभी असलेली माणसे या सर्वांसह एक संपूर्ण मुलूख उभारलेला असतो, आणि त्या मुलखातून गाड्या खऱ्या रेल्वेसारख्या वेळापत्रकाने, सिग्नल पाळून, सांधे बदलत, मालाचे डबे एका यार्डातून दुसऱ्या यार्डात पोचवत चालविल्या जातात. पुण्यातील वाचकांना कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले, १९९८ सालापासून लोकांना खुले असलेले लघुरेल्वेचे संग्रहालय ठाऊक असेल; ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो आहे याची कल्पना सहज येईल.

असा मुलूख मोडणे म्हणजे काय, हे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्या तपशिलावरच उभा आहे. प्रथम मोजमाप होते ते रेल्वेचे नव्हे, तर दाराचे, जिन्याच्या वळणाचे आणि नव्या खोलीचे. मग लाकडी चौकटींवर पसरलेल्या त्या अखंड भूमीवर कोठून करवत फिरवायची ते ठरवितात. रस्त्याच्या कडेने, कुंपणाच्या ओळीने, नदीच्या काठाने जावे, म्हणजे पुढे सांध्याची रेघ लपविता येते, असा या कामातील जाणत्यांचा सल्ला असतो. रुळांखालची बारीक खडी पातळ केलेल्या सरसाने स्लीपरांशी आणि फळीशी एकजीव झालेली असते, त्यामुळे रूळ उचलून निघत नाहीत. ते पातळ चकतीच्या यंत्राने जागच्या जागी कापावे लागतात. जाळीवर प्लॅस्टर चढवून केलेले डोंगर आतून पोकळ असतात व हादऱ्याने तडकतात. झाडे एकेक करून उपटून खोक्यांत भरावी लागतात. परंतु खरे कष्ट फळीच्या खाली असतात. मार्गाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा विद्युत्प्रवाह, प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर, प्रत्येक सिग्नलला वेगळा दिवा, आणि या प्रत्येकाची स्वतंत्र तार. अशा शेकडो तारा कापण्यापूर्वी कापाच्या दोन्ही अंगांना खुणेची चिठ्ठी बांधावी लागते आणि एखाद्या कचेरीच्या बारनिशीत आवक-जावक टिपावी तशी तिची नोंद वहीत करावी लागते. ज्याने त्या तारा वीस वर्षांपूर्वी ओढल्या त्याला त्या तोंडपाठ असतात म्हणून त्याने कधी नोंद केलेली नसते. ती नोंद मोडतानाच प्रथम होते. आपण काय केले होते याचे पूर्ण ज्ञान कर्त्याला आपली कृती मोडताना होते, ही गोष्ट मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते.

आता तर्काकडे वळू. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद सर्वश्रुत आहे. आपण कशातून आलात, असे भिक्षूने विचारले. रथातून, असे राजा म्हणाला. मग चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे विचारीत नागसेनाने त्याला या निष्कर्षावर आणले की रथ हा केवळ व्यवहाराकरिता भागांच्या समुदायाला दिलेला संकेत होय. या मताने पाहिले तर लघुरेल्वे मोडली तेव्हा काहीच मोडले नाही, कारण मोडण्यासारखे एक असे काही तेथे नव्हतेच. होते ते रूळ, लाकूड, तारा आणि प्लॅस्टर, आणि ते सगळे खोक्यांत सुखरूप आहे. या उत्तरात एक थंड दिलासा आहे हे खरे, आणि बौद्धांनी ते ज्या हेतूने दिले तो हेतू, म्हणजे आसक्तीचे मूळ तोडणे, थोर आहे हेही खरे. परंतु जो मनुष्य हातात करवत घेऊन स्वतः रचलेल्या नदीकाठी उभा आहे त्याच्या अनुभवाचा या उत्तरात समावेश होत नाही. तो शोक करतो आहे तो तुकड्यांचा नव्हे. तुकडे तर त्याच्याजवळच आहेत.

नैयायिकांचे उत्तर अधिक कठोर आहे, आणि म्हणूनच मला अधिक प्रामाणिक वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अवयवीची, म्हणजे अवयवांहून भिन्न अशा समग्र वस्तूची परीक्षा आहे, आणि तिच्या सिद्धीसाठी दिलेल्या हेतूंपैकी एक धारण आणि आकर्षण यांचा आहे: वस्तूचा एक भाग धरला असता संपूर्ण वस्तू धरली जाते, एक भाग ओढला असता संपूर्ण ओढली जाते, हे नुसत्या ढिगाच्या बाबतीत घडत नाही, म्हणून समग्र वस्तू ढिगाहून वेगळी मानली पाहिजे. रेल्वेची चौकट एका कोपऱ्याला उचलली की डोंगर, गाव, पूल आणि फलाटावरची माणसे सगळी एकदम वर येतात. करवत फिरल्यानंतर तोच कोपरा उचलला तर एक तुकडा वर येतो आणि उरलेला मुलूख जागीच राहतो. येथे अवयवी होता आणि आता तो नाही, हे हाताला कळते. त्यासाठी शास्त्रार्थाची गरज उरत नाही. वैशेषिकांच्या मते अवयवांचा संयोग तुटताच अवयवी नाश पावतो, आणि ते पुन्हा जोडले तर जो उत्पन्न होतो तो नवा अवयवी असतो. एवढेच नव्हे, तर पटातून एक सूत जरी काढले तरी मोठा पट नष्ट होऊन त्याच्या जागी खंडपट उत्पन्न झाला, असे ते म्हणतात. नवी खोली जुन्या खोलीएवढी कधीच नसते. कोठे दोन फूट मार्ग गाळावा लागतो, कोठे नवी फळी घालावी लागते. नव्या हवेने लाकूड फुगते आणि सांध्याजवळ रुळांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी चाक घसरते. म्हणजे प्रत्येक स्थलांतरित रेल्वे ही काटेकोर अर्थाने खंडपटच आहे.

सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने थिसिअसच्या जहाजाच्या जुन्या कोड्यात एक नवी गाठ मारली. जहाजाची एकेक फळी बदलत गेली, आणि कोणी ती प्रत्येक जुनी फळी जपून ठेवून शेवटी त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे जहाज कोणते? या गाठीचा उलगडा करण्याचा माझा आग्रह नाही. परंतु एक गोष्ट तिच्यातून हाती लागते. जुन्या फळ्यांचे जहाज पुन्हा बांधले जाईपर्यंतच्या काळात ते जहाज कोठे होते, हे हॉब्जने विचारले नाही. नैयायिकांनीही विचारले नाही, कारण त्यांच्या मते नाश आणि उत्पत्ती यांच्या मधे त्या वस्तूचा अभाव आहे आणि जी वस्तूच नाही तिला वसतिस्थान नसते. आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म याच मधल्या काळात आहे. जुने घर सुटले आहे, नवे सिद्ध झालेले नाही, खोकी एकावर एक रचलेली आहेत. या काळात ती रेल्वे कोठे असते?

या प्रश्नाचा विचार तार्किकांनी केला नसला तरी आपल्या कर्मकांडाने तो फार बारकाईने केला आहे, आणि त्याची दखल तत्त्वचिंतकांनी घेतली नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. देवप्रतिष्ठेत चल आणि स्थिर असा भेद आहे. देवघरातील पितळी मूर्ती चल. तिला उचलावे, स्नान घालावे, प्रवासात बरोबर न्यावे. देवळातील अष्टबंधाने पीठाशी जखडलेली मूर्ती स्थिर. तिला जागेवरून हलविणे हा मोठा प्रसंग. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांच्या १७९० च्या ‘धर्मसिंधू’त प्रतिष्ठेबरोबर जीर्णोद्धाराचाही विचार आला आहे. देऊळ वा पीठ दुरुस्त करावयाचे असेल तेव्हा मूर्तीतील देवत्व विधिपूर्वक कलशातील जलात आणावयाचे, काम चालू असेपर्यंत पूजा त्या कलशाची करावयाची आणि काम संपल्यावर ते देवत्व पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करावयाचे, अशी आगमपरंपरेतील सर्वसाधारण रीत आहे. तिच्या मुळाशी एक खोल जाणीव आहे: मधल्या काळात ज्याला आश्रय नाही ते पुढे परत येईलच असे नाही. म्हणून मोडण्यापूर्वीच आश्रय सिद्ध केला पाहिजे, आणि मधल्या काळातही पूजा खंडित होता कामा नये.

लघुरेल्वेच्या जगातही चल आणि स्थिर हा भेद आहे. इंग्लंडातील अनेक मंडळांच्या रेल्वे प्रदर्शनांकरिताच बांधलेल्या असतात; त्यांच्या फळ्या मुळातच वेगळ्या, एकमेकींत धातूच्या खुंट्यांनी बसणाऱ्या, तारा एका खटक्यात सुटणाऱ्या. शनिवारी सकाळी त्या मोटारीत घालून नेतात, दुपारी गाड्या धावू लागतात, आणि सायंकाळी पुन्हा मोडून घरी आणतात. तेथे कोणाला शोक होत नाही, कारण वियोग त्या वस्तूच्या जन्मातच धरलेला आहे. ज्या रेल्वे घराच्या भिंतींशी बांधल्या गेल्या, ज्यांच्या कर्त्यांनी हे घर आपल्याला सोडावे लागेल हे मनात आणले नाही, त्यांच्याच बाबतीत आपला प्रश्न उभा राहतो. आणि तेथे पहिला निर्णय हा करावा लागतो की या सगळ्यात मूर्ती कोणती आणि देऊळ कोणते.

गोव्याच्या इतिहासाने हा निर्णय एकदा फार कठीण परिस्थितीत केला. पोर्तुगिजांच्या अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० साली कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळास, त्या अमलाच्या बाहेर नेण्यात आला. शिखर, सभामंडप, तळी, अग्रशाळा यांतले काही बरोबर नेणे शक्य नव्हते. नेले ते लिंग; आणि आज मंगेशीस उभे असलेले देऊळ हे पुढच्या काळातले आहे. तरीही तो कुशस्थळीचाच मंगेश आहे याविषयी भाविकांना साडेचारशे वर्षांत कधी शंका आली नाही. लिंग तेच म्हणून देव तोच, एवढेच याचे कारण असेल काय? मला तसे वाटत नाही. लिंगासोबत त्याची पूजा जाणणारी आणि ती अखंड चालविणारी माणसे गेली. ती गेली नसती तर प्रियोळच्या रानात एक शिळा पडली असती.

हे मनात धरून आता तीन रेल्वेंचे काय झाले ते पाहू.

पहिली कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथील जॉन अ‍ॅलन यांची, गोरी अँड डफीटिड नावाची. अ‍ॅलन व्यवसायाने छायाचित्रकार होते, आणि जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेल्या त्यांच्या पर्वतांची छायाचित्रे पाहून अमेरिकेतील लघुरेल्वे रचणाऱ्यांची एक अख्खी पिढी घडली. त्यांची पहिली रेल्वे १९४६ ची; सुमारे साडेतीन फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब, म्हणजे एखाद्या पलंगाएवढी. पुढे त्यांनी दुसरी, मोठी बांधली आणि पहिली तिच्यात सामावून घेतली. त्यानंतर केवळ प्रशस्त तळघर मिळावे म्हणून घर घेऊन तेथे तिसरी, प्रचंड अशी आरंभिली, तेव्हाही ती पहिली पलंगाएवढी रेल्वे त्या विशाल मुलखाचा एक कोपरा होऊन राहिली. या सगळ्या बदलांतून जे बरोबर आले ते हेच. मला येथे कलशाची आठवण होते: सर्व नेता येत नाही, परंतु एक लहान, पूर्ण, चालता भाग अखंड नेता येतो, आणि उरलेले त्याच्याभोवती पुन्हा वाढविता येते. खंडपट लहान असला तरी पटच असतो. ६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन हृदयविकाराने वारले, आणि पुरते दोन आठवडे लोटण्याच्या आत त्या घराला आग लागून ती रेल्वे जवळजवळ संपूर्ण जळाली. तिचे पुढे काय करावे, कोठे न्यावे, कोणाच्या ताब्यात द्यावे याचा विचार करायला कोणाला अवसरच मिळाला नाही. आज ती छायाचित्रांत आहे. छायाचित्रांवरून तिची नक्कल करता येईल. ती परत आणता येणार नाही, कारण मधल्या काळाला कोणताही आश्रय मिळाला नाही.

दुसरी जॉन अ‍ॅहर्न या इंग्रज गृहस्थांची मॅडर व्हॅली. मॅडरपोर्ट या काल्पनिक बंदरापासून गॅमन मॅग्ना या काल्पनिक गावापर्यंत जाणारा हा एक लहानसा स्वतंत्र मार्ग. रुळांना जितके महत्त्व तितकेच रुळांभोवतीच्या भूमीला देणारी ही इंग्लंडातील आरंभीच्या रेल्वेंपैकी एक. तिच्यापूर्वी बहुतेक लोक गाड्या बनवीत असत, मुलूख बनवीत नसत. १९६१ साली अ‍ॅहर्न निवर्तले आणि त्यांची रेल्वे ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडील लाँग विटनहॅम गावच्या पेंडन संग्रहालयाच्या हवाली झाली. हे संग्रहालय रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियाहून आलेल्या गृहस्थांनी स्थापिलेले; गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत आणि नष्ट होत चाललेली पाहून त्यांनी १९३० च्या सुमाराचा तो सगळा परिसर लघुरूपात जपून ठेवण्याचा संकल्प केला आणि १९९५ मध्ये मरेपर्यंत तो चालविला. म्हणजे अ‍ॅहर्न यांची रेल्वे ज्यांच्याकडे गेली त्यांना जतन हा धर्म वाटत होता. वस्तू वाचली. जुने रंग, जुनी इंजिने, कर्त्याच्या हाताच्या खुणा सगळ्या वाचल्या. परंतु अ‍ॅहर्न यांच्या वेळी ती वाढत होती, चुकत होती, सुधारत होती. आता तिच्यात एक झाड नवे लावणेही अयोग्य ठरेल. संग्रहालयाने तिला चालविणे सोडले नाही, यासाठी मी त्या लोकांना मानतो. ती काचेआड निश्चल ठेवली असती तर उरले असते ते शरीर. तरीही तिच्याकडे पाहताना हे मान्य केले पाहिजे की येथे मूर्ती आली आहे आणि मूळ पुजारी आलेला नाही.

तिसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे, आणि मला ते सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात १९४६ साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. त्याला जागा मिळाली वीस क्रमांकाच्या इमारतीत. ही लाकडी इमारत १९४३ साली युद्धकाळातील रडार-संशोधनासाठी तात्पुरती म्हणून बांधलेली, युद्ध संपताच पाडावयाची होती. ती १९९८ पर्यंत उभी राहिली. तिच्यातील एका खोलीत विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्यांनी एक रेल्वे वाढविली आणि तिच्या फळ्यांखाली दूरध्वनी-केंद्रांतील रिले जोडून गाड्यांच्या नियंत्रणाची एक अजब व्यवस्था रचली. वरच्या मुलखापेक्षा ज्यांना खालच्या तारांचे वेड अधिक होते अशा मुलांतून पुढे संगणकाच्या कार्यक्रमलेखनाचे काही आद्य कारागीर निघाले, हा इतिहास स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या ‘हॅकर्स’ या ग्रंथामुळे प्रसिद्ध आहे. इमारत पाडण्याची वेळ आली तेव्हा क्लबला दुसऱ्या इमारतीत जागा मिळाली, परंतु जुन्या रेल्वेचा बहुतेक भाग त्या स्थलांतरात नष्ट झाला. सभासदांनी नव्या जागेत नवी रेल्वे उभारायला घेतली आणि तिचे नियंत्रणही नव्या तऱ्हेने रचले. न्यायशास्त्राने पाहता येथे अवयवीही गेला आणि अवयवही गेले. तरीही क्लबला स्वतःविषयी संभ्रम पडला नाही. विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातात, म्हणजे जुन्या खोलीतसुद्धा माणसे सतत बदलत होतीच. जे चालत आले ते एक कौशल्य, एक हौस, आणि ते पुढच्याच्या हातात देण्याची रीत.

या तिघांना एका तराजूत घालून कोण सरस ते ठरविण्याचा मोह होतो, आणि मी तो पूर्णपणे आवरणार नाही. मला क्लबचे सातत्य अधिक खरे वाटते. मॅडर व्हॅली जशीच्या तशी आहे. परंतु ‘जशीच्या तशी’ असणे हा गुण तिच्या जिवंतपणी तिच्यात कधीच नव्हता. मात्र याचा अर्थ जुनी रेल्वे गेली तरी बिघडले नाही, असा कोणी करील तर तो मला मान्य नाही. वीस क्रमांकाच्या इमारतीतील ती रिलेंची जाळी ही जगात एकच होती आणि ती गेली. सातत्याच्या नावाखाली हा नाश लपविणे म्हणजे ज्यांनी ती रात्ररात्र जागून विणली त्यांच्याशी कृतघ्नता होय. दोन वेगवेगळ्या गोष्टी वाचविता येतात: वस्तू आणि आचार. क्वचित दोन्ही वाचतात. बहुतेक वेळा मोडणाऱ्याला निवड करावी लागते, आणि आपण निवड करीत आहोत हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून दोन्ही जातात.

येथे धर्मविचारातला एक आक्षेप आडवा येईल, आणि तो हलका नाही. अपरिग्रहाचा उपदेश ज्या परंपरेत इतका ठाम आहे, तेथे लाकूड आणि प्लॅस्टरचा एवढा भार गावोगाव वाहून नेण्याचे समर्थन कसे करावे? घर सोडताना ते सोडून द्यावे, हेच श्रेयस्कर नव्हे काय? माझे उत्तर असे की सोडणे हाही पूर्ण आणि प्रतिष्ठित मार्ग आहे, परंतु तो विधिपूर्वक सोडण्याचा असला पाहिजे. आपल्या घरोघरी भाद्रपदात पार्थिव गणपतीची उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवितात आणि मग तिला जलाशयाकडे नेतात. त्या किंचित हलविण्यात निरोपाची सगळी मर्यादा आहे. ज्या मूर्तीची मातीच मुळात विसर्जनाकरिता घेतलेली असते तिच्याही बाबतीत आपण ही मर्यादा पाळतो. ज्याला आपली रेल्वे नेणे शक्य नाही, त्याने मित्रांना बोलावून एक दिवस सगळ्या गाड्या वेळापत्रकाप्रमाणे चालवाव्या, मग इंजिने, पूल, घरे ज्याला जे हवे ते द्यावे आणि उरलेले लाकूड मोडावे. यात अपयश नाही. अशा रीतीने वाटली गेलेली रेल्वे अनेकांच्या मुलखांत तुकड्या-तुकड्यांनी धावत राहते. आणि नेणे हेही परिग्रहच असते असे नाही. परिग्रह म्हणजे ज्याचा उपयोग आपण करीत नाही त्यावर ताबा ठेवणे. जो मनुष्य एखादी वस्तू पुन्हा चालती करून दुसऱ्यांच्या हाती देण्यासाठी कष्ट घेतो तो तिचा संग्राहक नसून विश्वस्त आहे.

दोष आहे तो तिसऱ्या मार्गात, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत अधिक चालतो. रेल्वे मोडावी, खोकी बांधावी, नव्या घराच्या माळ्यावर रचावी, आणि सवड मिळाली की पुन्हा उभारू असे म्हणावे. चिठ्ठ्यांचा सरस सुकतो आणि त्या गळून पडतात, वहीतील नोंदी कोणत्या तारेच्या होत्या हे ध्यानातून जाते, लाकूड वाकते, कर्ता म्हातारा होतो, आणि एके दिवशी वारसांपुढे खोक्यांचा असा ढीग येतो की ज्याला ते रेल्वे म्हणू शकत नाहीत आणि टाकूही शकत नाहीत. हे विसर्जनही नव्हे आणि प्रतिष्ठाही नव्हे. येथे नागसेनाचे म्हणणे अखेर खरे ठरते, पण मुक्तीच्या अर्थाने नव्हे: उरतो तो खरोखरच केवळ समुदाय. कर्मकांडाने जो कलश सिद्ध केला, जी मधल्या काळातील पूजा सांगितली, ती या अवस्थेच्या भयानेच, असे मला वाटते. आणि हे भय रेल्वेपुरते नाही. मोडलेली कुटुंबे, गाव सोडून आलेली माणसे, एका भाषेतून दुसरीत निघालेले ग्रंथ, बंद पडलेल्या संस्थांची दप्तरे, या सर्वांची हानी मोडण्याने जितकी होते त्याहून अधिक मधल्या मुक्कामात होते.

म्हणून ज्या कोणा वाचकाच्या घरी, वडिलांची वा स्वतःची, अशी एखादी वस्तू खोक्यांत बांधून ठेवलेली असेल, ती रेल्वे असो, हार्मोनियमचा सुटा केलेला सांगाडा असो की छापखान्याचे जुने खिळे असोत, त्याला माझी विनंती आहे की तिचा निकाल या वर्षीच लावावा. नेणे शक्य असेल तर सर्व जमण्याची वाट पाहू नये. एक फळी, एक सांधा आणि एक इंजीन एवढेच जोडून प्रथम ते चालते करावे. शक्य नसेल तर ज्याला चालविता येईल अशा माणसाचा शोध घेऊन, तारांच्या नोंदवहीसह, ती त्याच्या स्वाधीन करावी.